‘दोष माझ्यात हाय’ म्हणणाऱ्या अण्णाला

बस्तूअण्णा, तुला माती देऊन आज बारा दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय. सकाळी दुकान उघडतो, जळलेली मोटर पुढ्यात घेतो, तांब्याची तार गुंडाळायला लागतो आणि मध्येच हात थांबतो. मनातल्या मनात तुझ्याशी भांडायला लागतो. परवा एका शेतकऱ्याच्या पंपाची मोटर मी उलटी फिरणारी करून दिली. वीस वर्षं हेच काम करतोय, असं कधी झालं नव्हतं.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत. फादर चर्चमध्ये मिस्सात बोलले. तुझ्या बेकरीसमोरचा चपलांचा दुकानदार बोलला, तुझ्याकडून रोज सकाळी पाव नेणारी माणसं बोलली. ते सगळं खरं आहे. मला जे बोलायचंय ते मात्र मिस्सात बोलता येत नाही, आणि ज्याच्याजवळ बोलता आलं असतं तो एकटा तूच होतास.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. निपाणीच्या आमच्या फादरांनी रीटाला सांगितलं, की बेळगावात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मूल नसलेली जोडपी जमतात. मिस्सा होते, जपमाळ होते, नर्स असलेली एक सिस्टर बायकांना दिवस मोजायला आणि तक्ता भरायला शिकवते. कधी डॉक्टर येतात, कधी दत्तक घेतलेलं जोडपं लेकराला घेऊन येतं. टेस्ट ट्यूबचं तिथं कुणी सुचवत नाही, चर्चला ते मान्य नाही. पण तपासणी, औषधपाणी आणि आपल्यासारखी चार माणसं, एवढं मिळतं. रीटाला जायचं होतं. मी तिला नुसतं न्यायला-आणायला आलो होतो.

बायका हॉलमध्ये बसल्या आणि आम्ही पुरुष बाहेर जांभळाखाली उभे राहिलो. आठ-नऊ जण होतो. ऊस कधी जाणार, यंदा तंबाखूला भाव काय, कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते, सगळं बोलून झालं. ज्यासाठी आलो होतो ते सोडून. तेवढ्यात तू बनांचा ट्रे घेऊन आलास. हातांवर भट्टीचे चटके, शर्टावर पीठ. ट्रे कट्ट्यावर ठेवलास आणि म्हणालास, “माझं नाव बस्त्याव. लग्नाला सोळा वर्षं झाली. पोर न्हाय. दोष माझ्यात हाय. आता तुम्ही बोला, न्हायतर बन खावा.”

एक जण गाडीला किक मारून निघून गेला. बाकीच्यांनी बन खाल्ले. मीही खाल्ला. पण खाताना तुझ्याकडेच बघत होतो. पुरुषमाणूस चारचौघांत, दिवसाढवळ्या, हे वाक्य असं ‘आज पाणी येणार न्हाय’ म्हटल्यासारखं बोलू शकतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. परत येताना बसमध्ये रीटानं विचारलं, “कसं वाटलं?” मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात जाऊ.”

तोवर माझी तपासणीच झाली नव्हती, अण्णा. सात वर्षं फक्त रीटाला तपासत होते. सोनोग्राफ्या, रक्त, नळ्या, सगळं तिचं. सगळं ठीक यायचं, मग डॉक्टर बदलायचा. तूच एक दिवस विचारलंस, “आणि तुझं?” मी हसलो. तू हसला नाहीस. पुढच्या आठवड्यात बेकरी बायकोवर, मार्थाआक्कावर सोपवून तू निपाणीला आलास आणि मला कोल्हापूरला घेऊन गेलास. आपल्या धर्माच्या शिकवणीला सोडून नमुना द्यायचा नाही, मग द्यायचा कसा, हे मी कुणाला विचारणार होतो? तू सरळ फादरांना विचारून आला होतास. “फादर लालबुंद झालते,” तू सांगितलंस, “पर सगळं नीट समजावून सांगितलं बघ. त्यास्नी तरी कोण इचारतंय असलं?” त्या दिवशी आपण एसटीत इतके हसलो, की पुढच्या सीटवरच्या आजी मागं वळून बघायला लागल्या.

रिपोर्ट आणायलाही तूच बरोबर होतास. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण शून्य वाचता येतं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गालफुगी झाली होती का. झाली होती, सतराव्या वर्षी. पंधरा दिवस अंथरुणात होतो. आईनं गालांना लेप लावला होता. गालाखेरीज आणखी कुठं सूज आली होती, ते मी लाजेनं आईला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “तेव्हाच गेलं ते.” तिथनं बाहेर आल्यावर बाकड्यावर तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बसलास. ‘देव बघून घेईल’ म्हणाला नाहीस, त्याबद्दल मी आजही तुझा ऋणी आहे. शेवटी एवढंच बोललास, “रीटाला आज सांग. आईला ह्या आठवड्यात सांग. जेवढं लांबवशील तेवढं जड हुतंय.”

रीटाला मी त्याच दिवशी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग भाकरी उलटली आणि म्हणाली, “आत्तींना आत्ता नको. त्यास्नी दमा हाय, एकुलता एक ल्योक, धसका घेतील. थोडे दिवस माझ्यावरच राहू दे.”

थोडे दिवस! साडेपाच वर्षं झाली, अण्णा.

माझी आई वाईट बाई नाही, तुला माहीत आहे. तू यायचास तेव्हा तुझ्यासाठी मुद्दाम भरली वांगी करायची. पण तिला नातवंड पाहिजे होतं, आणि दोष सुनेत आहे असं तिला वाटत होतं. मग तिनं सुनेवर सगळे उपाय केले. दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना. उपवास. सदलग्याच्या बाजूला एक बाई पोट चोळून देते, तिच्याकडं सात वेळा नेलं. परत येताना रीटाला बसमध्ये बसवत नव्हतं, उभ्यानं यायची. मग कुणीतरी सांगितलेला काढा. काळा, कडू, वासानंच मळमळायचं. एकवीस दिवस सकाळी उपाशीपोटी. आई स्वतः पहाटे उठून उकळायची, फुंकून निववायची, क्रुसाची खूण करून रीटाच्या हातात द्यायची. आणि आपल्या अंगात काही कमी नाही हे पक्कं ठाऊक असलेली ती बाई माझ्यासमोर तो पेला रिकामा करायची. मागं जाऊन ओकायची. मी काय करत होतो माहीत आहे? मी तो पेला धुऊन पालथा घालून ठेवायचो. मला वाटायचं, मी तिला मदत करतोय.

तू दर महिन्याला एकच शब्द विचारायचास. “सांगितलंस?”

“न्हाय.”

मग तू ट्रे माझ्यापुढं करायचास.

एकदा मी तुला म्हणालो, अण्णा, मला आता प्रार्थना करता येत नाही. शून्यासाठी काय मागायचं? तू म्हणालास, “पोर मागू नको. तोंड उघडायचं बळ माग.” मी मागितलं नाही. बळ मिळालं असतं तर वापरावं लागलं असतं.

आणि ते अकरा दिवस. त्याबद्दल तू मार्थाआक्कालाही बोलला नसशील, अशी माझी खात्री आहे. रिपोर्ट येऊन दोन वर्षं झाली होती, आणि रीटाची पाळी लांबली. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. आम्हा दोघांना शून्य माहीत होतं. तरी आम्ही येड्यासारखे झालो. ती हळू चालायला लागली. मी तिला पाण्याची घागर उचलू देईना. दोघंही मनात एकच शब्द घोकत होतो, चमत्कार. बेळगावच्या त्या हॉलमध्ये ऐकलेल्या सगळ्या साक्षी आठवायला लागल्या, अमक्या जोडप्याला बारा वर्षांनी झालं, तमक्याला डॉक्टरांनी हात टेकल्यावर. देवाला काय अशक्य आहे? मी दुकानात मोटरींपुढं गुडघे टेकले. तुला फोन करून विचारलं, “अण्णा, होऊ शकतं का रं असं?”

तू म्हणालास, “मी देवाचा वकील न्हाय, अंतोन. हो म्हणू शकत न्हाय, न्हाय बी म्हणवत न्हाय. मी येतो.”

तू पोचलास तोवर सगळं संपलं होतं. रीटा आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. आईला वाटलं पोट दुखतंय. तू घरात आलास, आईशी दोन शब्द बोललास. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. तू बाही वर केलीस आणि घरातली सगळी भांडी, पिंप, बादल्या, मोरीतला हंडा, सगळं भरून ठेवलंस. मग चहा न घेताच गेलास. मी दारात बसून होतो. मला उठून तुला निरोपही देता आला नाही. आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

तुझ्यावर रागावलोय म्हणालो, आणि हे असं आठवत बसलो. लग्नाचं सांगायलाच पाहिजे आता.

माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं, निपाणीतच. केक तुझ्या बेकरीचा, म्हणून तू आदल्या दिवशीच आला होतास. दुपारी अंगणात नवरीला रोस लावायचा विधी होता. नवरीला पाटावर बसवलेलं, नारळाचं दूध वाटीत काढलेलं. एकेक बाई पुढं होऊन तिच्या डोक्याला, गालांना, हातांना दूध लावत होती. रीटा मांडव सजवण्यापासून नवरीचे केस विंचरण्यापर्यंत सगळ्यात पुढं. तिनं वाटी उचलली, तेवढ्यात मावशी म्हणाली, “तू थांब गं जरा. आधी लेकुरवाळ्यास्नी लावू दे.”

मावशी हळूच बोलली, पण गाणाऱ्या बायका थांबल्या. आणि माझ्या आईनं, अण्णा, माझ्या आईनं पुढं होऊन रीटाच्या हातातली वाटी काढून घेतली. मायेनंच घेतली. ‘वाईट वाटून घेऊ नको’ असा चेहरा करून. रीटा हसली. हसत हसत मागं सरकली आणि पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभी राहिली. ओल्या बोटांवरचं दूध पदराला पुसलं.

मी दहा पावलांवर ताटं घेऊन उभा होतो. तू मांडवाच्या खांबाजवळ होतास. माझ्याकडं बघितलंस. मी ताटं मोजायला लागलो.

मांडवामागं, चुलवणाजवळ तू मला गाठलंस.

“आत्ता जा. आत्ता सांग.”

“लग्नाच्या घरात? काय बोलतोस अण्णा?”

“लग्नाच्या घरातच तिची वाटी काढून घेतली न्हवं? मग तिथंच सांग. तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलंय?”

“आईला काय वाटंल?”

“आईला वाटंल ते वाटंल. त्या पोरीला काय वाटतंय, पाच वर्षांत कवा इचारलंस?”

आणि मग मी बोललो. काय बोललो ते तुलाही आठवत असेल. मी म्हणालो, “तुला सोपं हाय. तुला आई न्हाय, बाप न्हाय, घरात तोंड दाखवायला कुणी न्हाय. तू दोष सांगत न्हाईस, मिरवतोस. बस्त्याव किती मोठ्या मनाचा, बस्त्याव किती खरा, असं लोकांनी म्हणावं म्हणून गावभर मिरवत फिरतोस.”

मला वाटलं तू मारशील. तू खांद्यावरच्या पंच्याला हात पुसलेस, नीट, एकेक बोट पुसलंस आणि म्हणालास, “व्हय. मिरवतो.” आणि गेलास. केक कापायलाही थांबला नाहीस.

त्यानंतरचे तीन दुसरे रविवार मी आलो नाही. रीटा एकटीच बसनं बेळगावला जायची. यायची तेव्हा पिशवीत कागदात गुंडाळलेले दोन बन असायचे. “अण्णांनी दिलेत,” एवढंच म्हणायची. मी हात लावायचो नाही. आई चहाबरोबर खायची. तिसऱ्या वेळी रीटा म्हणाली, “अण्णा इचारत होते, अंतोन पुढच्या बारीला येणार का, काम हाय म्हणाले.” मी म्हणालो, बघू.

पुढची बारी आलीच नाही. तू सकाळी पिठाच्या गोणीवर बसलास आणि उठला नाहीस. मार्थाआक्काला वाटलं दमला असशील.

तुझ्या पेटीला मी खांदा दिला. खड्ड्यात मूठभर माती टाकली. त्या सगळ्या वेळात मी मनात एकच घोकत होतो, की अण्णासारखा खरा माणूस गेला, आणि मी त्याला काय बोललो. घरी परतल्यावर लोक अंगणात बसले, कुणीतरी पेज वाढत होतं. मार्थाआक्कानं मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात ती एकटीच होती, ओट्याला टेकून उभी. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाली, “दार लोट.”

मग म्हणाली, “अंतोन, दोष त्याच्यात न्हवता.”

मला कळलंच नाही. मी म्हणालो, “आक्का, आता ते कशाला?”

“ऐक. माझी पाळी एकोणतिसाव्या वर्षी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता काय हुणार न्हाय. त्याचे रिपोर्ट चांगले होते. समदे चांगले. घरी आलो तर त्याच्या बहिणी बसल्या होत्या, काय म्हणाले डॉक्टर म्हणून. मी चप्पल काढतेय तवर ह्यो बोलून गेला, दोष माझ्यात हाय. मला इचारलं न्हाय, काय न्हाय.”

मी ओट्याची कड धरली.

“पयल्या दिवशी लई बरं वाटलं बघ,” ती म्हणाली. “देवमाणूस वाटला. मग सतरा वर्षं झाली. त्या हॉलात बायका एकेक करून रडायच्या, माझं असं हाय, माझं तसं हाय. मला म्हणायचं असायचं, माझंबी. माझंबी तसंच हाय गं. पर बोलले तर ह्यो खोटा पडतोय. समद्या म्हणायच्या, मार्था, तुला काय कळणार, तुझ्यात काय कमी न्हाय. मी मान हलवायची. त्यानं मला झाकलं अंतोन, पर झाकताना माझ्या तोंडावर हात ठेवला.”

“त्याला कधी म्हणालीस न्हाय?”

“म्हणाले. चार-पाच वर्षांमागं. तर म्हणाला, आता कसं फिरवू? इतकी माणसं माझ्या शब्दावर बोलायला लागलीत.” मग तिनं डोळे पुसले. “त्या लग्नातनं आला त्या दिवशी जेवला न्हाय. म्हणाला, अंतोननं बरोबर वळखलं मला. म्हणाला, येत्या रविवारी त्याला समदं खरं सांगतो. पयलं त्याला, मग तुझ्या परवानगीनं समद्यास्नी. तीन रविवार वाट बघितली त्यानं. तू आलासच न्हाईस.”

हे तू मला असं ठेवून गेलास, अण्णा.

म्हणून रागावलोय. त्या बाकड्यावर तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास तेव्हा मला वाटलं होतं, या हाताला माझं दुखणं माहीत आहे, याचंही तेच आहे. तुझ्यात काही कमी नव्हतं. तू चांगला रिपोर्ट घरात ठेवून माझ्याशेजारी बसला होतास. तुझ्या खोट्या वाक्यावर विश्वास ठेवून मी तपासणीला तयार झालो. मग ते वाक्य खोटं म्हणू की खरं? फादरांजवळ पापनिवेदनाला जायचास तेव्हा हे सांगितलंस का कधी? की त्यात पाप दिसलंच नाही तुला? माझं मात्र दिसत होतं, दर महिन्याला. आणि दिसत होतं ते बरोबरच होतं, हे तर जास्त लागतंय मला. तू बायकोपुढं उभा राहिलास, मी बायकोमागं लपलो. आपण दोघं एकसारखे नाही, हे मी जाणतो. पण दोघांच्याही घरात बाईलाच गप्प बसावं लागलं, याला काय म्हणायचं?

बसमध्ये यमकनमर्डीच्या पुढं मी रीटाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती तुझ्यासाठी रडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “म्हणजे आक्कालाबी कुणी बोलू दिलं न्हाय.” संकेश्वर गेलं. मग म्हणाली, “मी थोडे दिवस म्हटलं होतं. तुम्ही मोजलेच न्हाईत.”

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर आई दारात तांदूळ निवडत बसली होती. रीटा शेजारी शेंगा फोडत होती. मी दुकानातनं रिपोर्ट आणला होता, तारेच्या रिळांमागं ठेवलेला. आईसमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. शून्यावर बोट ठेवलं. म्हणालो, “आई, हे माझं हाय. रीटात काय दोष न्हाय. कवाच नव्हता.”

तुला काय वाटलं होतं, अण्णा, काय होईल? तू इतकी वर्षं ‘सांग, सांग’ करत होतास, तुझ्या डोळ्यांपुढं काय चित्र होतं? आई रडेल, सुनेला जवळ घेईल?

आई म्हणाली, “आपल्या घरात असलं कुणाला न्हाय.” मग म्हणाली, “हे हिनं लिहून आणलंय.” मी शपथ घेतली. गालफुगीचं सांगितलं. ते ऐकल्यावर तिचे हात थांबले. त्या पंधरा दिवसांत माझ्या उशाला तीच बसलेली होती ना. सुपात बघत राहिली. मग मान वर केली ती माझ्याकडं नाही, रीटाकडं.

“तुला ठाऊक होतं?”

“व्हय, आत्ती.”

“आणि तू माझ्या हातनं काढा प्यायलीस? मी तुला त्या बाईकडं नेलं, तुझी वाटी काढून घेतली, आणि तू गप्प ऱ्हायलीस? माझ्याकडनं एवढं पाप करवून घेतलंस?”

रीटानं फोडलेल्या शेंगा पदरातनं ताटात ओतल्या. “व्हय,” म्हणाली आणि आत गेली. मी आत गेलो तर ती कपाटापुढं उभी होती. मी म्हणालो, मला माफ कर. ती म्हणाली, “केलं.” अगदी सरळ म्हणाली, रागानं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली मला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. खानापूरकडं भावाच्या घरी जाते म्हणाली.

“किती दिवस?”

“मोजून जात न्हाय.”

मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. वर चढताना ती वळली आणि म्हणाली, “तुम्ही सांगितलासा ते बरं केलासा. आठ वर्षांमागं एका लग्नातबी माझी वाटी काढून घेतली होती, तवाबी मी हसलेच. आता मला हसायचं न्हाय, एवढंच.” कंडक्टरनं घंटी दिली. मावसबहिणीचं लग्न तर यंदाचं. म्हणजे आधीही कुठंतरी, कुणीतरी हिची वाटी काढून घेतली होती, आणि ते मला माहीतच नव्हतं.

रोज फोन करतो. उचलते. तिकडं धुकं पडतंय म्हणते, भावाच्या पोरांना ताप आलाय म्हणते. ये म्हणायचं धाडस मला होत नाही. आई दोन दिवस जेवली नाही. आता जेवते, पण माझ्याशी बोलत नाही. हातात जपमाळ घेऊन बसते, मणी पुढं सरकत नाहीत. काल एकदाच तिनं विचारलं, “तो काढा लई कडू होता व्हय रं?”

उद्या दुसरा रविवार. मार्थाआक्काचा सकाळी फोन आला होता. बेकरी तिनं उघडलीय, बन करणार आहे. म्हणाली, “मी बायकांत बोलणार हाय उद्या, माझं काय ते. तू पुरुषांत बस. न्हायतर ते पुन्हा उसाचं बोलत बसतील.” मी हो म्हटलंय.

जांभळाखाली उभा राहून माझं नाव, लग्नाची वर्षं आणि दोष कुणाचा, हे मला सांगता येईल. एवढं तू शिकवलंस. पण त्यांच्यातला एखादा विचारणार, सांगितल्यावर पुढं काय झालं? बायको कुठाय? तेव्हा मी काय बोलू, अण्णा? तू आम्हाला तोंड उघडायला शिकवलंस. तोंड उघडल्यावर घरात काय होतं ते तू कधी सांगितलं नाहीस, आणि आता मला कळतंय, तुलाही ते ठाऊक नव्हतं.